कालव्यातल्या व्हॅनचे तीन ड्रायव्हर

१

रविवारी सकाळी, चर्चची पहिली घंटा व्हायच्याही आधी, मानासेची पांढरी व्हॅन कार्मेलोच्या कालव्यात नाक खुपसून बसली. सोमवारी दुपारपर्यंत तिला तीन ड्रायव्हर मिळाले होते.

अपघात झाला की ड्रायव्हर गायब होतो, याची लेसिएलीला सवय होती. ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा गावात, एका विमा कंपनीत तपासनीस म्हणून राबता राबता तिचे केस पिकले होते. कोणी म्हणे गाडी चोरीला गेली, कोणी म्हणे हँडब्रेक सुटला, एकाने तर कांगारूवर खापर फोडलं होतं. पण 'मीच चालवत होतो' म्हणत माणसं एकामागून एक पुढे यावीत, हे नवलच. आणि तिघंही पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचीच, एकाच घरातली, तिच्याच चर्चमधली. "तुमच्या लोकांचं प्रकरण आहे, तूच निस्तर," असं म्हणून साहेबाने कागद तिच्या टेबलावर टाकले आणि तो जेवायला निघून गेला.

पहिला फोन मानासेचा. हा द्राक्षमळ्यावरचा मुकादम. व्हॅन त्याच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर. "ताई, मीच होतो. डुलकी लागली." दुसरा फोन त्याच्या मुलीचा, फुसीचा. ती अजून शिकाऊ, गाडीला पिवळी पाटी लावून बापाला शेजारी बसवून चालवणारी. "बाबांचं ऐकू नका, मी होते. गुपचूप नेली होती." आणि मग मानासेचा धाकटा भाऊ होसेआ स्वतःच ऑफिसात येऊन उभा राहिला. टोपी हातात, मान खाली.

"ताई, दादा आणि पोरगी खोटं बोलतायत. गाडी मी घातली."

लेसिएलीने पेन खाली ठेवलं ते या तिसऱ्यामुळे.

होसेआला इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली तेव्हा सगळ्या चर्चने डुक्कर भाजून खाल्लं होतं. पण त्या आनंदात एक गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही. बेटावरचं लायसन्स इथे पाहुण्याला चालतं, हंगामापुरत्या आलेल्या मजुरालाही चालतं. माणूस कायमचा झाला की मात्र त्याने सहा महिन्यांत इथली परीक्षा द्यायची, नाहीतर ते लायसन्स म्हणजे नुसता फोटो. होसेआने परीक्षा दिली नव्हती आणि मुदत नुकतीच उलटून गेली होती. आणि त्याच्या बायकोचा आणि पोरीचा इथे येण्याचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. बापाने विनापरवाना गाडी चालवून कालव्यात घातली, अशी पोलिसांत नोंद झाली की त्या अर्जाचं काय होईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. पोरगी चार वर्षांची. बापाने तिला फक्त फोनवर मोठी होताना पाहिलेलं.

"होसेआ," लेसिएली म्हणाली, "तू बोललास ते मला ऐकूच आलं नाही असं समज आणि घरी जा."

"लिहून घ्या, ताई."

"का रे बाबा? लेक नकोय का तुला?"

त्याचे डोळे डबडबले. पण तो जागचा हलला नाही.

२

कार्मेलो म्हातारा इटालियन, तीन पिढ्यांचा द्राक्षवाला. फेब्रुवारीच्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याच्या, त्या भट्टीत त्याचा पंप मोडून पडला होता आणि तो सगळ्या जगावर चिडलेला होता.

"पाणी नाही तर माझी द्राक्षं वेलीवरच मनुका होतील! तुमची कंपनी पैसे देणार का नुसते फोटो काढणार?"

"ड्रायव्हर कोण ते कळलं की देईल. तुम्ही पाहिलंत?"

"ड्रायव्हर नाही दिसला. तेव्हा मी शिडीवर होतो, लांब. व्हॅन मात्र अगदी स्पष्ट दिसली. कोणीतरी झिंगलेला असणार, दुसरं काय!"

"कशावरून?"

"आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि हा वायपर लावतोय! सारखे नाही हं. वळण आलं की दोन-तीनदा फटक-फटक, मग बंद. सरळ रस्ता, बंद. पुन्हा वळण, पुन्हा फटक-फटक. मला वाटलं, मला हात करतोय की काय. मीही हात केला." तो स्वतःवरच खेकसला. "मूर्खासारखा! आणि वळताना इंडिकेटर म्हणाल तर एकदाही नाही."

"वेगात होती?"

"छे! शवयात्रेसारखी. कालव्याच्या कडेकडेने, कालवा वळेल तशी वळत. माझ्या पंपापाशी कालवा एकदम संपतो ना, तिथे ती संपली. मी पोचेपर्यंत आत कोणीच नव्हतं."

लेसिएली कालव्याच्या टोकाशी उभी राहिली. एवढं पाणी इथवर येतं आणि दोन पाइपांतून मळ्यात शिरून नाहीसं होतं. पुढे तांबडी माती, वेली, आणि क्षितिजापर्यंत नुसती सपाट कोरडी जमीन. या गावात ती तीस वर्षं राहिली होती, पण तिथे उभं राहून पाण्याकडे पाहताना तिला एकदम आपलं बेट, हापाई, आठवलं. हापाईला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र असतो आणि दुसऱ्या बाजूलाही समुद्रच असतो. आई गेली तेव्हा तिला विमान मिळालं नव्हतं. त्यानंतर जायला कारणच उरलं नाही, असं ती लोकांना सांगायची.

कालव्याच्या चिखलात मोठ्या अनवाणी पावलांचे ठसे होते, आत जाताना आणि बाहेर येताना. बाहेर येतानाचे जास्त खोल रुतलेले. तिने ते पाहिले. पण त्यातून काय काढावं ते तिला तेव्हा सुचलं नाही.

३

मानासेच्या अंगणात व्हॅन उभी होती. कार्मेलोच्याच ट्रॅक्टरने ओढून आणलेली, तोंड वाकडं झालेलं, खालून चिखल ठिबकणारी. गाडी जर्मन. मानासेने ती इथे आल्या-आल्या घेतली होती, आणि चर्चच्या लग्नांना, मयतांना, विमानतळावर, सगळीकडे तीच धावायची.

मानासे दारातच भेटला. चांगला दरवाजाएवढा माणूस.

"ताई, माझं नाव लिही आणि मिटव. लायसन्स आहे, विमा आहे, कार्मेलोचा पंप येईल. कोणाचं काय बिघडतंय?"

"तू कुठे निघाला होतास रविवारी पहाटे?"

"असाच."

"मानासे, तू रविवारी चर्चखेरीज चावीला हात लावत नाहीस. मागच्या वर्षी फुसीचा पाय मुरगळला तरी तू चालत गेलास औषधाला."

तो कान खाजवत राहिला. "होसेआ कमरेपर्यंत ओला होऊन आला घरी," शेवटी तो हळूच म्हणाला. "काही न बोलता अंघोळीला गेला. आता मी काय समजायचं? त्याची पोर यायची आहे, ताई. माझी तर इथेच आहे."

म्हणजे मानासे खोटं बोलत होता, भावासाठी. लेसिएलीने फुसीला परसात गाठलं. पोरगी रताळी सोलत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"मीच होते! सीट बघा ना, पार पुढे ओढलेली आहे. बाबांचं पोट बसेल का तिथे? होसेआकाकांचे गुडघे हनुवटीला लागतील!"

मुद्दा बिनतोड होता. लेसिएलीने दार उघडून पाहिलं. सीट खरंच स्टिअरिंगला चिकटलेली. बुटक्या माणसाने चालवलेली गाडी, आणि तिघांत बुटकी ही एकटीच.

"गाडी शिकलीस कुठे तू?"

"याच व्हॅनवर. दुसरी कोण देतंय मला?"

लेसिएलीने मान हलवली. होसेआची सुटका होत होती, पण शिकाऊ पोरीने एकटीने गाडी नेली असेल तर कंपनी पंपाचा एक छदामही देणार नव्हती. मानासेचं घर विकून कार्मेलोचं नुकसान भरावं लागलं असतं.

"पोरी, इकडे ये! जेवल्याशिवाय कोणी जातं का?"

घरातून हाक आली ती सिसिलिआआत्याची. मानासे आणि होसेआच्या बापाची ही बहीण, हापाईहून तीन महिन्यांसाठी पाहुणी आलेली. टोंगाच्या घरात बापाच्या बहिणीवर कोणी नसतं. ती बसली की पुतणे उभे राहतात, ती मागेल ते तिचं, आणि तिच्यावर आवाज चढवणारा पुतण्या अजून जन्माला यायचाय. आत्या चटईवर बसली होती. बुटकी, रुंद, डोक्यावर घरातसुद्धा रविवारची मोठी हॅट. पुढ्यात अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस.

"तू फालेकाओनोच्या लेकीची लेक ना? तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या ट्रकमधून मीच नेलं दवाखान्यात. जपानी ट्रक होता, दणकट. आणखी एक खड्डा लागला असता तर तू रस्त्यातच झाली असतीस!"

लेसिएली हसली. आपल्या आईबद्दल कोणी असं रोजच्यासारखं बोललेलं ऐकून तिला किती वर्षं झाली होती. तिने पानं सोडवली आणि निमूट खाल्लं. आत्या मात्र डाव्या हाताने खात होती. उजवा हात मांडीवर, शालीखाली.

"आवडतंय का इथे, आत्या?"

"माणसं चांगली आहेत," आत्या म्हणाली. "वारा मात्र कोरडा आहे. त्याला कसलाच वास नाही."

४

होसेआ वेलींच्या ओळीत सापडला. कात्री चालवत होता, पण घड कापायचे सोडून पानंच कापत होता.

"मला एक सांग," लेसिएली म्हणाली. "परीक्षा का नाही दिलीस? एवढा तू हुशार, गाडी तुला लहानपणापासून येते. सहा महिने काय करत होतास?"

त्याने आणखी एक पान कापलं.

"दोनदा दारापर्यंत गेलो, ताई. आत जाऊन फोटो काढायचा, कार्ड घ्यायचं, की झालो मी इथला. त्या दोघी तिथे आणि मी इथला. पाय उचलेना. म्हटलं, त्या आल्या की देऊ. येडपटपणा आहे, कळतंय मला."

"येडपटपणा नाही," लेसिएली म्हणाली, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं. "पण मग रविवारी व्हॅन कशाला काढलीस?"

"काढली. बस."

"सीट पुढे ओढलेली आहे."

"सरकली असेल."

"वायपर कशाला लावलेस?"

होसेआने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं.

"कसले वायपर?" तो म्हणाला.

याने तर ती गाडी चालतानाच पाहिली नव्हती.

५

लेसिएली अंगणात परतली तर तिची स्वतःची गाडी व्हॅनच्या मागे अडकलेली. मानासे कार्मेलोकडे हातापाया पडायला गेला होता. "चालू होते ती, ताई, तुम्हीच घ्या जरा बाजूला," फुसीने रताळ्यांवरून ओरडून सांगितलं.

लेसिएली व्हॅनमध्ये चढली. सीट तिला बरोबर बसली. तीही बुटकीच. इंजिन खोकलं आणि लागलं. फाटकाशी रस्त्याकडे वळायचं म्हणून सवयीने तिचा हात दांडीकडे गेला.

फटक-फटक. काचेवर वायपर नाचू लागले.

"आत्यासारखंच केलंत तुम्ही!" फुसी खिदळली. "परवा बाबा तिला व्हॅन दाखवत होते ना, तेव्हा तिनेही..."

फुसीच्या हातातलं रताळं खाली पडलं.

लेसिएलीने इंजिन बंद केलं आणि ती तशीच बसून राहिली. तिची स्वतःची गाडी जपानी. जपानी गाडीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. या जर्मन व्हॅनमध्ये ती डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला वायपर. मानासे ही व्हॅन वर्षानुवर्षं चालवतोय, त्याचा हात चुकायचा नाही. होसेआनेही गेल्या महिन्यापर्यंत रोज हीच चालवली. फुसीला तर दुसरी गाडीच ठाऊक नाही. प्रत्येक वळणाला चुकला तो हात आयुष्यभर जपानी गाडीवर बसलेला होता. आणि इतका शिस्तीचा, की वैराण रस्त्यावर, बघायला कोणी नसतानाही, वळताना खूण करायला विसरला नाही.

तिघांपैकी एकाचाही हात तसा नव्हता. आणि होसेआची पावलं कालव्यात जाताना हलकी होती, येताना जड, कारण येताना त्याने कोणाला तरी उचललं होतं.

बापाच्या बहिणीला कोण विचारणार, की रविवारी पहाटे गाडी कालव्यात तुम्ही घातलीत का?

६

तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं. मानासे आला, होसेआ आला. आत्या चटईवर. लेसिएली रीत म्हणून तिच्यापेक्षा खाली, उघड्या फरशीवर बसली.

"आत्या, तुमचा उजवा हात दुखतोय का?"

"ताई, नको!" होसेआ एकदम गुडघ्यांवर आला. "मी सांगितलंय ना मी होतो! लिहा की!"

"काय लिहायचंय?" आत्याने विचारलं. "चाकांच्या खुणा बघत आलास, मला बाहेर काढलंस, आणि नंतर म्हणालास सगळं मिटलंय. विम्याची माणसं बघून घेतील म्हणालास."

लेसिएलीनेच सांगितलं. तिघांचे तीन कबुलीजबाब सांगितले, होसेआच्या लायसन्सचं सांगितलं, बायको-पोरीच्या अर्जाचं सांगितलं. आत्या ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा लाल होत गेला. तिने शालीखालून हात काढला. मनगट सुजून भोपळा झालं होतं. मग हॅट काढली. कपाळावर निळं टेंगूळ.

"गाढवा," ती होसेआला म्हणाली. "माझी अब्रू राखायला स्वतःची लेक घालवत होतास?"

"आत्या, पोलिसांच्या वहीत तुमचं नाव... आणि तुमच्याकडे लायसन्स नाही..."

"कोण म्हणतं?" आत्याने पिशवी उपडी केली. रुमाल, प्रार्थनेचं पुस्तक, खोबऱ्याच्या गोळ्या, आणि त्यांतून एक कार्ड. "दरवर्षी नवं करते मी. चर्चची माणसं नेते, मासळी नेते, बायका दवाखान्यात नेते. लायसन्स नाही म्हणे!"

लेसिएलीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मुदत शिल्लक होती. आत्या पाहुणी होती, आणि पाहुण्याला बेटावरचं लायसन्स चालतं. या घरात जी कायमची राहणार नव्हती, तिचंच बेटावरचं लायसन्स इथे खरं होतं. लेसिएलीला हसावं की रडावं ते कळेना.

"एकच अडचण," ती म्हणाली. "मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नेली असेल तर कंपनी हात वर करेल. मानासे, तू आत्याला परवानगी दिली होतीस?"

मानासे तिच्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. "परवानगी? आत्याला? मी? माझ्या घरातलं सगळं तिचंच आहे. ती आली त्याच दिवशी मी सगळ्यांदेखत म्हटलं, हे घर तुझं, व्हॅन तुझी. हे काय विचारणं झालं, ताई? पाद्रीबाबांना विचार, तेही होते."

"मग पाद्रीबाबांना साक्षीला घेते." लेसिएलीने लिहायला सुरुवात केली. कार्मेलोचा पंप सुटला, मानासेचं घर सुटलं. होसेआच्या नावाची तिथे गरजच उरली नाही. होसेआ भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"रडतोस काय? उद्या परीक्षेला बस," आत्या म्हणाली. "पोर विमानातून उतरेल तेव्हा बापाने गाडी घेऊन जायचं. शेजाऱ्याच्या गाडीतून घरी आणणार आहेस का तिला?"

"बसतो, आत्या."

लेसिएली शेवटच्या रकान्याशी थांबली. "कुठे निघाला होतात, ते लिहावं लागतं."

आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "समुद्राकडे. इथे आल्यापासून एकदाही वास आला नाही गं. रविवारी पहाटे जाग आली, वाटलं प्रार्थनेआधी जाऊन बघून यावं. कोणाला विचारायचं? सगळे एवढं करतात माझ्यासाठी, आणि म्हणतात आता इथेच राहा. म्हटलं पाणी चाललंय त्याच्याबरोबर जाऊ. पाणी समुद्राकडेच जातं ना? आमच्याकडे जातं." ती थांबली. "हे जातच नाही कुठे."

मानासे खाली बघत होता. "जायचंय का तुला, आत्या? परत?"

"पाठव मला, बाळा."

त्याने होकारार्थी मान हलवली, आणि तो आत निघून गेला.

लेसिएली निघाली तेव्हा आत्या फाटकापर्यंत आली. ऊन उतरलं होतं. "तू कधी येतेस बेटावर?" तिने विचारलं.

"मी येऊन काय करू, आत्या? आई नाही. गाडीसुद्धा मी इथे येऊन शिकले, लायसन्स इथलं. तिथे मला एवढासा ट्रकही चालवता यायचा नाही."

तिच्या तोंडून हे निघून गेलं, आणि मग तिला नियम आठवला. दिवसभर हाच नियम तिने उलटापालटा केला होता, याच नियमावर एक घर वाचवलं होतं. तिथेही तोच असणार. परक्या देशाचं लायसन्स असलं तरी चालतं, पण ते पाहुण्याला.

"नाही, चालवता येईल," ती म्हणाली. "पाहुण्यांना चालतं."

आत्याने सुजलेल्या हातानेच तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"मग पाहुणी म्हणून ये," आत्या म्हणाली. "पण ये."